अहमद निजामशहाचा टांगेवाला

दिनांक ११ जानेवारी १९४४, मंगळवार. त्या दिवशी बाबाजान शेख टांगेवाल्याने सहा रुपये दहा आणे भरले. त्यांतले पाच रुपये दंड म्हणून सरकारजमा झाले आणि एक रुपया दहा आणे छबूबाई भाजीवालीच्या पदरात पडले. झाले होते असे, की आदल्या आठवड्यात माळीवाडा वेशीपाशी छबूबाई डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन डाव्या बाजूने आली आणि बाबाजानने डावीकडे पाहिले नाही. दांडीचा धक्का पाटीला लागला. वांगी रस्ताभर सांडली आणि त्यांच्यावरून चाक गेले. मागून येणाऱ्या लष्करी लॉरीच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि अशा काही शिव्या घातल्या की वेशीवरचा हवालदार धावत आला. त्याने तिथेच बाबाजानच्या छातीवरचा परवान्याचा पितळी बिल्ला काढून घेतला.

दंडाची पावती घेऊन बाबाजान बिल्ला सोडवायला चौकीवर गेला, तेव्हा छबूबाई आपले पैसे घ्यायला ओट्यावर येऊन बसलीच होती. तिला साधे खरचटलेही नव्हते.

"डोळं फुटलं हुतं का रं तुजं?" ती म्हणाली. "एवढी धडधाकट बाई दिसली न्हाई तुला?"

"समोर असतीस तर दिसली असतीस, बाई. तू बाजूनं आलीस."

"मंग? बाजूनं येनारं मानूस न्हवं व्हय?"

फौजदार राधाकृष्ण कुलकर्णी नगरला नुकतेच बदलून आले होते. त्यांनी पावती उलटसुलट पाहिली आणि सहज विचारले, "डावीकडे का पाहिलं नाहीस?"

"मी डावीकडं बघत नाही, साहेब. उजवीकडंही बघत नाही. बावीस वर्षं झाली."

"का? मानेला काही झालंय?"

"मान चांगली आहे. पण अहमद बादशहा बघत नव्हता, म्हणून मी बघत नाही."

हवालदाराने हसू लपवायला भिंतीकडे तोंड केले. फौजदारांनी टाक खाली ठेवला. "हा कोण अहमद बादशहा?"

"ज्यानं हे नगर वसवलं तो. निजामशाहीतला पहिला. बागरोज्यातल्या कबरीत झोपलाय बघा, दिल्ली दरवाजाच्या बाहेर. घोड्यावर बसून शहरातनं निघाला, की समोर नजर ठेवायचा. डावं बघणं नाही, उजवं बघणं नाही. दरबारातल्या एकानं विचारलं, हुजूर, असं का? तर म्हणाला, मला बघायला बायाबापड्या दारात येतात. नजर फिरवली आणि परक्याच्या बायकोवर पडली तर? जुन्या फारसी तवारिखेत लिहिलेलं आहे, साहेब." मग बाबाजान आवाज उतरवून म्हणाला, "आणि त्याचा बाप म्हणाल, तर पाथरीच्या कुलकर्ण्याचा मुलगा. म्हणजे तसा तुमच्याच भाऊबंदांतला."

फौजदारांना हे ठाऊक नव्हते. पण ते चटकन सावरले. "मग माझ्या त्या भाऊबंदाला सांग, की तुझ्यापुढे चोपदार धावत होते. बाजूला व्हा, बाजूला व्हा, म्हणून ओरडत होते. या बाबाजानपुढे कोण धावतं?"

"बिजली," बाबाजान म्हणाला.

बिजली ही त्याची घोडी. छबूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

बिल्ला परत मिळाला, पण महिनाअखेरपर्यंतच. ३१ तारखेला सगळ्या टांगेवाल्यांच्या बिल्ल्यांची तपासणी होती आणि पास होईल त्याला नवा बिल्ला मिळणार होता. "त्या दिवशी मी स्वतः तुझ्या टांग्यात बसणार," फौजदारांनी बजावले. "दिल्ली दरवाजापासून माळीवाड्यापर्यंत. लढाईचे दिवस आहेत, गावात लॉऱ्या हिंडतायत. चौक आला की दोन्हीकडे मान फिरली पाहिजे. नाही फिरली, तर बिल्ला या टेबलावर ठेवायचा आणि घोडी विकायची."

बाबाजान सलाम करून बाहेर पडला. टांग्यावर चढला, समोर नजर ठेवली आणि निघाला.

शेखांचे घर मूळचे काष्टीचे. बाबाजानचा बाप फक्रुद्दीन तिथून एक तट्टू आणि एक मोडका टांगा घेऊन नगरला आला आणि दिल्ली दरवाजापाशी उभा राहू लागला. बागरोजा तिथून हाकेच्या अंतरावर. तिथला म्हातारा मुजावर शुक्रवारी बाजाराला जाई, तो फक्रुद्दीनच्या टांग्यातून. मुजावराकडे पैसे नसत. भाड्याच्या बदल्यात तो बादशहाच्या गोष्टी सांगे. फक्रुद्दीन या सौद्यावर खूश होता, कारण त्याच गोष्टी तो पुढे साहेबलोकांना आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगे आणि वर आणा-दोन आणे बक्षिशी मिळवी.

या गोष्टी शाळेच्या पुस्तकातल्या नव्हत्या. लढाया आणि सनावळ्या त्यांत फार थोड्या. बादशहाला तलवारीचे इतके वेड होते, की दोन माणसांचा तंटा झाला की ती दरबारात येऊन एकमेकांशी झुंजायची परवानगी मागत. ज्याचा वार आधी लागेल तो जिंकला. हे खूळ पुढे इतके वाढले, की रोज सकाळी दिवाणखान्याबाहेर भांडखोरांची जत्रा भरू लागली आणि शेवटी बादशहालाच सांगावे लागले, की बाबांनो, तिकडे मैदानात चबुतऱ्यावर जा, इथे आम्हाला राज्य करू द्या. दुसरी गोष्ट अशी, की एका लढाईत एक सरदार कच खाऊन मागे सरला. लढाईनंतर मानाची वस्त्रे वाटायची वेळ आली, तर बादशहाने सगळ्यांत आधी त्यालाच बोलावले. पराक्रम केलेले लोक तोंडे वाकडी करून बसले. कारण विचारले तर बादशहा म्हणाला, पुढे कधीतरी सांगेन. पुढच्या लढाईत तोच सरदार सर्वांच्या पुढे होता.

बाबाजान या गोष्टींवर वाढला. विसाव्या वर्षी लगाम त्याच्या हातात आला, तेव्हा फक्रुद्दीनने त्याला एकच शिकवण दिली. "घोडीच्या दोन कानांमधनं जेवढा रस्ता दिसतो, तेवढा आपला. बाकीचा लोकांचा. बादशहानं हेच केलं."

बापाने हे बहुधा लक्ष देऊन टांगा हाकण्याबद्दल सांगितले असावे. बाबाजानने ते अक्षरशः घेतले. घोडीला झापडे असतात तशी आपल्याला बादशहाची शिस्त आहे, असे तो म्हणे. कापड बाजारातून तो रोज चार-चार खेपा करी, पण तिथल्या दुकानांची तोंडे त्याने पाहिलेली नव्हती. कोणते दुकान आले हे त्याला वासावरून कळे. कोऱ्या कापडाचा वास, मग हिंगाचा, मग तंबाखूचा. टांग्यात कोण किती बसले हेही तो वळून पाहत नसे. मागे भार जास्त झाला, टांगा उलाळ झाला, की दांड्या वर उचलत आणि तो समोर बघूनच ओरडे, "एकानं पुढं सरका!"

या मानेने त्याला नाव दिले आणि भाडेही दिले. झेंडीगेट भागात मोहियोद्दीन नावाचे तंबाखूचे व्यापारी होते. घरात पडदा कडक. त्यांची नात सुरय्या आणि तिच्या तीन चुलतबहिणी मुलींच्या शाळेत जात. त्यांना नेण्या-आणण्याचे काम महिनेवारीने बाबाजानकडे होते. त्यांचे पाहून शेजारच्या दोन घरांनी आपल्या बायकांची ये-जा त्याच्यावर सोपवली. पलीकडच्या आळीतल्या पाटलीणबाईही माहेरी जायला निघाल्या की त्यालाच बोलावणे धाडीत. टांग्याला मागून आणि बाजूंनी जाड पडदा, आणि पुढे वळून न बघणारा बाबाजान. त्याची निम्मी कमाई या पडद्यामागच्या सवारीतून येई.

तेव्हा पेच साधाच होता. मान फिरवली नाही तर बिल्ला जाणार. फिरवली तर नाव जाणार, आणि नावामागोमाग झेंडीगेट जाणार. बाबाजानला झोप येईना. अड्ड्यावरच्या टांगेवाल्यांना मात्र विषय मिळाला.

"बाबाजान, मानेला बिजागरी बसवून घे," बन्सी टांगेवाला म्हणाला. "सुताराला सांगतो. तेल-पाणी माझ्याकडनं."

"तुझी मान चौफेर फिरते म्हणून तुझ्या टांग्यात कुणी बाईमाणूस बसत नाही," बाबाजान म्हणाला.

"बसत न्हाई ते बरं हाय. त्या भाड्याची घासाघीस लई करत्यात."

चार-पाच दिवस गेल्यावर बाबाजानने ठरवले, की झेंडीगेटात जाऊन आपणच सांगून टाकावे. उद्या बाजारात कुणी मान फिरताना पाहिली आणि तिखटमीठ लावून सांगितली, त्यापेक्षा हे बरे. मोहियोद्दीनशेठ तंबाखूच्या गोण्या मोजून घेत होते. त्यांनी अर्धेच ऐकले आणि म्हणाले, "पोरींच्या ये-जाचं अम्मा बघते. तिला विचार."

मोहियोद्दीनांची आई हाजराबी ऐंशीच्या घरातली. कर्जतकडच्या शेतकरी घरातली लेक. झेंडीगेटात येऊन साठ वर्षे झाली तरी तिची बोली कर्जतचीच राहिली होती. दारावर बांबूच्या कामट्यांचा, चिकाचा पडदा होता. त्यामागे ती बसली आणि बाबाजान पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. त्याने चौकीपासून सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाला, "बडी अम्मा, आता तुम्ही सांगाल तसं. मान फिरवायची तर तुमची सवारी मी हक्कानं मागू शकत नाही."

चिकामागे काही वेळ अडकित्त्याचा आवाज येत राहिला. "का रं?" हाजराबीने विचारले.

"का म्हणजे? तुम्ही पोरी माझ्याकडं दिल्यात त्या माझ्या नजरेवर भरवसा ठेवून."

"तुला कुनी सांगितलं?"

बाबाजानने डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

"आरं, तुजी घोडी चालती का? बिजली म्हनं! लग्नाची वरात तिच्याफुडं पळंल. पोरींची हाडं खिळखिळी हुत न्हाईत म्हनून तुजा टांगा लावला मी. त्या बन्सीच्या टांग्यात यकदा बसले, तर दोन दिस कंबर धरून हुते. तुजी मान कुनीकडं असती ते मी कवा बघितलंय? पडद्यातनं मला काय दिसतंय? तुजी पाठ आन टोपी."

आतून पोरींच्या खिदळण्याचा आवाज आला. त्यात सुरय्याचा आवाज सर्वांत मोठा होता.

बाबाजानचे कान तापले होते. बावीस वर्षे त्याने जे जपले, ते या घरात कुणाच्या लक्षातही नव्हते. लक्षात होती ती घोडीची मंद चाल, आणि तिचीच त्याला आजवर लाज वाटत आली होती. एरवी दुसऱ्या कुणी असे म्हटले असते तर तो उठून गेला असता. पण हाजराबीपुढून तिने जा म्हटल्याशिवाय उठायची रीत नव्हती.

म्हातारीला बहुधा ते पाठीवरूनच कळले असावे. तिचा आवाज खाली आला. "तुज्याच बादशाची ती गोष्ट हाय न्हवं, धरून आनलेल्या बाईची? पोरी मला सांगत हुत्या. पुन्यांदा सांग."

बाबाजानने रस्त्याकडे बघत सांगितली. तरुणपणी एका स्वारीत बादशहाच्या लोकांनी एक बाई कैद करून आणली. ती इतकी देखणी होती, की बादशहा तिच्यावर भाळला. पण तिच्याशी बोलताना त्याला कळले की तिला नवरा आहे, आईबाप आहेत, आणि तेही कैदेतच आहेत. त्याने तिला हात लावला नाही. सगळ्यांना बोलावून घेतले, तिला नवऱ्याच्या हवाली केले, वर देणग्या देऊन घरी धाडले.

"तिला नवरा हाय ते कसं कळलं त्याला?"

"त्यानं विचारलं."

"तिच्याकडं बघून इचारलं का भिताडाकडं बघून?"

"बघूनच विचारलं असेल, अम्मा."

"मंग! बघितलं, आवडली, तरी माघारी धाडली. आन तू? बघितलंच न्हाईस, म्हनून ती भाजीवाली चाकाखाली जात हुती. ती कुनाची बायकू न्हवं का?"

बादशहाच्या या दोन गोष्टी, न बघण्याची आणि कैदेतल्या बाईची, बाबाजानने शेकडो वेळा सांगितल्या होत्या, पण एकीच्या शेजारी दुसरी ठेवून कधी पाहिली नव्हती.

"जा आता," हाजराबी म्हणाली. "आन घोडीला पळवू नगंस. तेवढं सांबाळ."

घरी आल्यावर त्याने बायकोला, मेहताबला, सगळे सांगितले. मेहताब भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारले, "पण फिरेल का?"

तो प्रश्न खरा निघाला. बाबाजानने मान उजवीकडे नेऊन पाहिली आणि खांद्यापर्यंत अर्ध्या वाटेत ती अडली. कट असा आवाज झाला. डावीकडे त्याहून कमी. घरात, मशिदीत, अड्ड्यावरही तो सवयीने सगळे अंग वळवूनच बघत असे. टांग्यावर बसून लगाम धरलेल्या माणसाला अंग वळवता येत नाही. म्हणजे आता मन तयार आणि मान नाही.

त्या दिवसापासून मेहताबने तिळाचे तेल कोमट करून मानेला चोळायला सुरुवात केली. सकाळी पोरींची खेप झाली, की तो बाजेवर बसे, हातात लगामाऐवजी सुंभ धरी, आणि मेहताब उलथने घेऊन एकदा त्याच्या उजव्या अंगाला, एकदा डाव्या अंगाला उभी राही.

"मी कुठाय?"

"डावीकडं."

"बघून सांग. आवाजावरनं नको."

"दुखतंय, गं."

"छबूबाईलाही दुखलं असतं. फिरव."

महिना संपत आला तशी मान दोन्ही खांद्यांकडे जाऊ लागली. आवाज मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

३१ तारखेला सकाळी फौजदार कुलकर्णी दिल्ली दरवाजापाशी टांग्यात चढले. ते पुढच्या बाजूला, बाबाजानच्या शेजारी बसले, म्हणजे मान नीट दिसावी. मागे हवालदार. बन्सी आणि अड्ड्यावरचे आणखी दोघे आपले टांगे सोडून पायी निघाले, आणि बिजलीबरोबर चालताना त्यांना अजिबात दम लागला नाही.

पहिला चौक आला. बाबाजानचा हात लगामावर आवळला. घोडीच्या दोन कानांमधला रस्ता समोर होता, स्वच्छ, ओळखीचा. त्याच्या बाजूला जे होते ते बावीस वर्षे लोकांचे होते. टांगा चौकाच्या निम्म्यात आला तरी मान जागची हलली नाही.

"एक चौक गेला," फौजदार म्हणाले.

मागून बन्सी ओरडला, "बाबाजान, घोडीला गिऱ्हाईक बघू का?"

दुसरा चौक कापड बाजाराच्या तोंडाशी. बाबाजानने दात आवळले आणि मान उजवीकडे वळवली. कट झाले. ते फौजदारांनाही ऐकू गेले. मग डावीकडे. डावीकडे एक दुकानाची पायरी होती, पायरीवर बुरख्यातल्या दोन बायका आणि एक लुगड्यातली म्हातारी उभ्या होत्या. तिघी रस्ता ओलांडायला थांबल्या होत्या. बाबाजानने लगाम खेचला. बिजली थांबायला नेहमीच तयार असे, ती थांबली. तिघी टांग्यापुढून पलीकडे गेल्या. म्हातारी जाता जाता "जगा बाबा" एवढे म्हणाली. बुरख्यातल्या दोघींनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

बस, एवढेच झाले. आकाश पडले नाही.

त्यापुढे मात्र फौजदारांची पंचाईत झाली. बाबाजानची मान थांबेना. कापड बाजार दोन्ही अंगांनी उलगडत चालला होता आणि तो बघत होता. हिंगाच्या वासाचे दुकान त्याने मनात केवढे तरी मोठे धरले होते, ते जेमतेम एका माणसाच्या रुंदीचे निघाले. एका माडीच्या सज्जावर लाकडी पोपट कोरलेले होते. तंबाखूच्या दुकानातला जो घोगऱ्या आवाजाचा माणूस त्याला रोज सलाम घाली, तो वीस-बावीस वर्षांचा किडकिडीत तरुण होता. बाबाजानने बिजलीला थांबवून त्याला सलाम केला. तरुण इतका दचकला, की त्याच्या हातातला तराजू हलला.

"अरे, मान फिरवायची आहे, टांगा थांबवायचा नाही!" फौजदार म्हणाले. "मला दुपारपर्यंत माळीवाड्याला पोहोचायचं आहे."

माळीवाडा वेशीपाशी छबूबाई पाटी मांडून बसली होती. उजव्या अंगाला. बाबाजानची मान वळली आणि तिच्यावर स्थिरावली.

"आगं बाई, बघितलं की रं माज्याकडं!" छबूबाई सगळ्या वेशीला ऐकू जाईल असे ओरडली. "लेका, आता वांगी घेतल्याबिगर जायाचं न्हाई!"

फौजदार खाली उतरले. त्यांनी हवालदाराच्या हातातून नवा बिल्ला घेतला, पण लगेच दिला नाही. "पहिल्या चौकात पाहिलं नाहीस," ते म्हणाले. "नियमानं बिल्ला देता येत नाही."

बाबाजान खालमानेने उभा राहिला. बन्सीचेही तोंड उतरले. मघाशी ओरडलेले त्याला आता बरे वाटत नव्हते.

"साहेब," बन्सी पुढे होऊन म्हणाला, "त्याच्या बादशानं पळालेल्याला पहिली वस्त्रं दिली हुती. ह्यो सांगतो नेहमी."

"आणि मग?"

"मंग फुडच्या लढाईत त्योच सगळ्यांच्या पुढं हुता."

फौजदारांनी बाबाजानकडे पाहिले. "पुढच्या महिन्यात मी कधीही, न सांगता, कुठल्याही चौकात उभा असेन. एकदा जरी मान चुकली, तर बिल्ला जाईल, आणि मग पाथरीच्या कोणत्याही कुलकर्ण्याचं नाव चालणार नाही." त्यांनी बिल्ला बाबाजानच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडीगेटातल्या चारही पोरी नेहमीच्या वेळी पडद्याआड येऊन बसल्या. दांड्या नेहमीइतक्याच उचलल्या. टांगा गल्लीच्या टोकाला आला, बाबाजानने दोन्हीकडे पाहिले, आणि मागून सुरय्याचा आवाज आला, "बाबाजानचाचा, काय काय दिसलं?"

तो समोर बघून सांगू लागला. माडीवरचे पोपट, हिंगाचे चिमुकले दुकान, तंबाखूवाला तरुण. बादशहाची एकही गोष्ट त्या खेपेत झाली नाही. पोरी मध्येच त्याला दुरुस्त करीत होत्या, कारण पडद्याच्या फटीतून हे सगळे त्या केव्हाच पाहून बसल्या होत्या.

आणखी एक दुकान त्याने त्या बाजारात पाहिले होते. मेहताब वर्षानुवर्षे सांगत आली होती, की कापड बाजारात दोन कापडदुकानांच्या मधल्या बोळात सूर्यभान नावाच्या माणसाचे लोखंडी सामानाचे दुकान आहे, तिथला अडकित्ता आण. तो दर वेळी म्हणे, मी रोज तिथून जातो, असले दुकान तिथे नाही. ते होते. पोरींना शाळेत सोडून परत येताना त्याने टांगा बोळापाशी लावला आणि अडकित्ता घेतला. किंमत चौदा आणे. लढाईमुळे लोखंड महागले होते. खिशात आठ आणेच निघाले. सूर्यभानने ओळख नसताना, छातीवरचा बिल्ला बघून, उरलेले पुढच्या हप्त्यावर ठेवले.

मेहताबने अडकित्ता उघडून-मिटून पाहिला आणि विचारले, "दुकान कुठं होतं?"

"तू सांगितलंस तिथंच."

फेब्रुवारी संपला, बिल्ला छातीवरच राहिला. सूर्यभानचे सहा आणे द्यायचे राहिले.